थर्मोस्टॅट काढून टाका म्हणे!

किनाऱ्यावर एखाद्या होडीचं आऊटबोर्ड इंजिन गरम व्हायला लागलं, की दहा मिनिटांत चार सल्लागार जमतात आणि चौघांचंही एकाच गोष्टीवर एकमत असतं. "थर्मोस्टॅट काढून टाका!" कोकणात हे मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली इंजिनाच्या आधी माझंच डोकं तापतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही दुरुस्ती नव्हे, दुखणं झाकणं आहे. आणि होडीचं झाकलेलं दुखणं धक्क्यावर बाहेर येत नाही, चांगलं दोन-तीन मैल आत गेल्यावर येतं.

हे इंजिन थंड कसं राहतं ते आधी बघू. मोटारीसारखा रेडिएटर इथे नाही. पाण्यात बुडालेल्या भागात, पंख्याच्या जरा वर, जाळीतून समुद्राचंच पाणी आत येतं. तिथे मुठीत मावेल एवढा रबरी इंपेलर असतो, तो ते पाणी वर ढकलतो. सिलिंडरभोवती फिरून पाणी पुन्हा समुद्रात जातं. थर्मोस्टॅट ही या वाटेवरची झडप. इंजिन पुरेसं तापलं की ती उघडते, बऱ्याच आऊटबोर्डमध्ये साधारण ५० ते ६० अंशांना. मोटारीत हाच आकडा ८०-९० असतो. खाऱ्या पाण्यावरचं इंजिन मुद्दाम कमी तापमानावर चालवतात, कारण पाणी फार तापलं की क्षार आतल्या वाटांना चिकटून बसतात.

"ते थर्मोस्टॅट थंड देशांसाठी हो, आपल्याकडे काय गरज?" हा आणखी एक लाडका युक्तिवाद. अहो, आपल्या समुद्राचं पाणी झालं तरी २५-३० अंशांच्या आसपास. झडपच नसेल तर पर्यटकांना डॉल्फिन दाखवत संथ फिरताना इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही. पेट्रोल नीट जळत नाही, काजळी धरते. फोर स्ट्रोक असेल तर न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतं. म्हणजे एक रोग लपवायला दुसरा विकत घेतला!

बरं, मूळ रोग कुठे असतो? बहुतेक वेळा खाली, त्या इंपेलरमध्ये. पावसाळ्यात होडी ओढून ठेवली की त्याची रबरी पाती दोन-तीन महिने एकाच जागी वाकून राहतात आणि तशीच वाकडी होतात. खाडीच्या तोंडाशी वाळू आणि गाळ त्यांना घासतात. त्यात कोणीतरी "चालू होतंय का बघू" म्हणून पाण्याबाहेरच इंजिन सुरू करतो. इंपेलरला ओलावा हाच तेलपाणी, कोरडा फिरला की रबर जळायला वेळ लागत नाही. एखादं पातं तुटलं तर तो तुकडा वर जाऊन वाट अडवतो, ते वेगळंच. अशा वेळी थर्मोस्टॅट काढला की पाण्याचा अडथळा कमी होतो, मरतुकडा पंप आणखी चार दिवस रेटतो आणि सल्लागार शहाणा ठरतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

क्रम साधा आहे. इंजिनाच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बघा. ती मंदावली असेल तर इंजिन बंद करून जाळीवर प्लास्टिकची पिशवी अडकलीय का ते पाहा. मग धारेच्या भोकात बारीक तार फिरवा, कधी नुसतं तेच मिठाने बुजलेलं असतं. तरी धार येत नसेल तर इंपेलर उघडा. धार जोरात असूनही इंजिन तापत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. पुष्कळ इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच निघते, त्यामुळे झडप बंद अडकली तरी धार झकास दिसते. झडप काढून पातेल्यात गरम पाण्यात टाका, सोबत थर्मामीटर ठेवा. उघडली तर ठीक, नाही तर नवी बसवा.

मिठाने झडप अडकते हे मला मान्य आहे. घरी पोचण्यापुरती ती काढली तर माझी तक्रार नाही. सुटा भाग लांबून मागवावा लागतो, हंगामातला एक दिवस बुडणं परवडत नाही, हेही खरं. पण 'तात्पुरतं' म्हणून काढलेलं थर्मोस्टॅट तीन-तीन वर्षं डब्यात पडून असतं, त्याचं काय?

आणि याच्याही पुढचे महाभाग म्हणजे बझरची वायर तोडणारे. तो बझर बोंबलतो म्हणजे इंजिन जाम व्हायची वेळ जवळ आलीय. होडीत पोराबाळांसकट दहा माणसं, समोर खाडीच्या तोंडावरची फुटती लाट आणि इंजिन बंद! मग होडी आडवी व्हायला किती वेळ लागतो हे कुठल्याही तांडेलाला विचारा. स्वतःच्या जिवाशी खेळायचं तर खेळा, पण तिकीट काढून बसलेल्यांनी काय घोडं मारलंय?

असो. पुढच्या वेळी कोणी "थर्मोस्टॅट काढून टाका" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "इंपेलर शेवटचा कधी बदलला होता?" उत्तर आलं नाही तर पाना त्याच्या हातात देऊ नका.