सेवाव्रतींचा शिणवटा आणि संस्थांचे उत्तरदायित्व

सेवाभावी संस्थेत काम करणारा माणूस थकत नाही, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’विषयी जो लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अनुभवावरून. ज्यांची निष्ठा अधिक, त्यांनाच हा धोका अधिक, असे त्यांनी त्यात नमूद केले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची तीन लक्षणे सांगितली : शक्तिपात, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता. संघटनेने याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ दुर्लक्षित ताण, असे म्हटले आहे. म्हणजेच औषध केवळ कर्मचाऱ्याला देऊन भागणार नाही, ते संस्थेलाच घ्यावे लागेल.

गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, ऐन चव्वेचाळिशीच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपल्या जीवनशैलीची व ताणतणावांची परखड तपासणी केली आहे. ध्येय कितीही उदात्त असो, शरीर आपला हिशेब चुकता करतेच!

बोरगावला औद्योगिक वसाहत असल्याने पाळी म्हणजे काय, हे येथे कुणाला सांगावे लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु धर्मादाय रुग्णालयातील परिचारिकेने वा गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकेने सुटी मागितली, की “सेवेला कसली वेळ?” हा प्रश्न ठरलेला. त्याग हा स्वेच्छेचा असतो. तो इतरांकडून वसूल करता येत नाही.

निधी तुटपुंजा असतो, हे मान्य. तथापि कामाची लेखी वाटणी, आठवड्याची निश्चित सुटी, वेळेवर वेतन, निर्भयपणे गाऱ्हाणे मांडता येईल अशी मासिक बैठक आणि केलेल्या कामाची जाहीर दखल, यांपैकी बहुतेकांना पैशापेक्षा मनाचा मोठेपणाच अधिक लागतो. शिवाय अनुभवी कार्यकर्ता निघून गेल्यास होणारी हानी कोणत्याही देणगीने भरून येत नाही.

आपल्यापैकी अनेक डॉक्टर अशा संस्थांचे विश्वस्त वा सल्लागार असतात. वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, हे आपण आवर्जून छापतो. त्याच पानावर किती कर्मचारी सोडून गेले आणि का, हेही यापुढे छापावे, अशी नम्र सूचना आहे.