इंग्रजी बोलू या : ‘हॅव टू’

मराठीत आपण ‘मला जावं लागतं’ म्हणतो. ‘मी’चं ‘मला’ होतं. इंग्रजीत ‘आय’ तसाच राहतो: ‘आय हॅव टू गो.’ अम्मीला पाचला उठावं लागतं, ‘अम्मी हॅज टू गेट अप अॅट फाइव्ह.’ काल थांबावं लागलं, ‘हॅड टू वेट’. उद्या थांबावं लागेल, ‘विल हॅव टू वेट’. एवढं सरावाने जमतं.

घोळ होतो तो नकारात. ‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ यांत फारसा फरक नाही, म्हणून नकारातही नसेल असं आपण धरून चालतो. पण ‘यू मस्ट नॉट ईट’ म्हणजे खाऊ नका, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू ईट’ म्हणजे खाल्लंच पाहिजे असं नाही. खाल्लं तरी हरकत नाही. मराठीत ‘खाऊ नका’ आणि ‘खावं लागणार नाही’ यांची गल्लत आपण कधी करत नाही.

दादीच्या साखरेची तपासणी घ्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसीसाठी उपाशी राहावं लागत नाही: ‘शी डझन्ट हॅव टू फास्ट.’ फास्टिंग शुगर असेल तर निदान आठ तास काही खायचं नाही: ‘शी मस्ट नॉट ईट.’ पाणी चालतं. चिठ्ठी वाचून दाखवणाऱ्या नातवाने इथे अदलाबदल केली, तर दादी एकतर विनाकारण उपाशी राहील, नाहीतर नाश्ता करून जाईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचून घेईल.

शंका असेल तर लॅबमध्ये सरळ विचारावं: ‘डझ शी हॅव टू फास्ट?’