पंधरा वर्षांची इनोव्हा विकायची का ठेवायची?



आडसालीला पाणी पाजून आत्ताच घरी आलोय. आज खरं तर खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहायचं होतं, पण घरात चार दिवस दुसराच विषय चाललाय. तो डोक्यातून जाईना, म्हणून आधी तेच लिहितो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात हाच विषय असणार.

आमची इनोव्हा 2010 ची. मी ती 2016 ला जुनी घेतली, तेव्हा एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाली होती. आज काटा तीन लाख तीस हजारावर आहे. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत परत पासिंग करून घ्यायची वेळ आली. हरित कर, नवी नंबर प्लेट, थोडं रंगकाम, दोन टायर असा खर्च काढला. तेवढ्यात पोरगं शोरूममधून नव्या इनोव्हाचा कागद घेऊन आलं. म्हणालं, "आण्णा, ह्या डबड्यावर आणि किती घालणार? एकदाच नवी घेऊ."

मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. का, ते पुढं सांगतो. आधी ह्या गाडीशी आपलं नातं काय आहे ते सांगतो, कारण ते आपल्याच भागातलं आहे.

दहावी झाल्यावर काही वर्षं मी कराड-विटा रोडवर वडाप चालवलंय. कमांडर आणि ट्रॅक्स. आत किती, टपावर किती, मागं लोंबकळत किती, मोजायचं नाही. पाठीच्या मणक्यांची वाट लागायची. जानेवारी 2000 मध्ये क्वालिस आली. दिसायला काही देखणी नव्हती, खोक्यासारखी होती. पण त्यात बसलेला माणूस कराडहून पुण्याला जाऊन उतरला तरी त्याचे कपडे चुरगळलेले नसायचे. ही गाडी मूळची इंडोनेशियातली, तिथं तिला किजांग म्हणायचे. किजांग म्हणजे आपल्या सह्याद्रीत दिसतं ते भेकर. 2005 ला कंपनीनं चालती क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. लोक म्हणाले वेडे झालेत. पुढं काय झालं ते आपण बघतोच. लग्नाचं वऱ्हाड, पंढरपूर, शिर्डी, पुढाऱ्यांचे दौरे, सगळीकडं इनोव्हा.

आता नाव बघा, टोयोटा किर्लोस्कर. ह्यातलं किर्लोस्कर आपल्याला परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. त्या काळी लोक म्हणायचे लोखंडानं जमीन विषारी होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. बेळगावातून जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. तिथं 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांनी मिळून उभा केलेला हा कारखाना. आमच्या आज्यानं त्यांचा नांगर वापरला, आबांनी विहिरीवर त्यांचं डिझेल इंजिन वापरलं.

तिकडं जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा पोरगा होता. जन्म 1867 चा, लक्ष्मणरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. गावातल्या बायका हातमागावर राबताना बघून त्यानं माग सुधारायचं मनावर घेतलं. त्याच्या मागाची खुबी अशी की दोरा तुटला की माग आपोआप थांबायचा. खराब कापड पुढं विणलंच जायचं नाही. त्या मागाचे हक्क 1929 ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले. पोरगा किइचिरो मोटारीच्या मागं लागला आणि 1937 ला टोयोटा मोटर कंपनी झाली. टोयोडा ह्या आडनावाचा त्यांच्या लिपीतला अर्थ माहिती आहे का? भरघोस पिकाचं भाताचं शेत. म्हणजे एकीकडं नांगरवाला, दुसरीकडं भातशेतवाला. 1997 ला ही दोन घराणी एकत्र येऊन बेंगळुरूजवळ बिडदीला कारखाना काढला. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर त्यात पुढं होते. ते नोव्हेंबर 2022 मध्ये गेले.

हे सगळं मोठेपणा सांगायला लिहीत नाही. कंपनी काही देव नाही. जानेवारी 2024 ला ह्यांच्याच घरातल्या कंपनीनं डिझेल इंजिनच्या तपासणीत गडबड केल्याचं बाहेर आलं आणि आपल्याकडं इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर काही दिवस पाठवायच्या थांबवल्या होत्या. त्यामुळं डोळे झाकून कोणाचीच भलामण नको.

मला ह्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे दोरा तुटला की थांबायचं. आणि साकिचीनं घालून दिलेली म्हणून सांगतात ती दुसरी सवय, बिघाड झाला की पाच वेळा "का?" विचारायचं.

तीन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात आमची गाडी गरम झाली. काटा वर गेला, मी बाजूला घेतली. गावाकडं आणल्यावर एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट बदलला. पंधरा दिवसांनी परत गरम. आता म्हणाला हेड उतरवायला लागंल, चाळीस हजार. मी त्या दिवशी गाडी परत आणली आणि ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडं गेलो. तो फार बोलत नाही. त्यानं विचारलं, गरम का झाली? पाणी फिरत नाही. का फिरत नाही? रेडिएटर चोंदलाय. का चोंदला? आत खपली धरलीय. खपली कशाची? क्षाराची. क्षार कुठनं आला? मग मी खाली बघायला लागलो. कूलंट संपलं की मीच बोअरचं पाणी ओतत होतो. चारशे रुपये वाचवायला. रेडिएटर बदलून, सगळं धुऊन अकरा हजारात काम झालं. चूक कंपनीची नव्हती, गॅरेजवाल्याची पण निम्मीच. बाकीची माझी.

ते काम झाल्यावर आठ दिवसांनी मी खालच्या दीड एकरात उभा होतो. सरीच्या वरंब्यावर पांढरा फेस आलेला. तोच क्षार. तेव्हा जरा चरकलो. गाडीला पाच वेळा का विचारलं, रानाला कधी विचारलं का? मग तिथंच विचारलं.

उतारा का पडला? पूर्वी एकरी साठ टन निघायचा, आता अठ्ठावीसवर आलाय. मुळ्या कुजतात म्हणून. का कुजतात? पाणी बसून राहतं. का बसतं? निचरा नाही. का नाही? बांधाकडंचा जुना चर वाटणीच्या वेळी आम्ही दोघा भावांनी बुजवला, दोन-दोन सऱ्या जास्त निघाव्यात म्हणून. आणि एवढं पाणी का देतो? पाणीपट्टी एकरावर आहे, जास्त घेतलं तरी तेवढीच आणि कमी घेतलं तरी तेवढीच, म्हणून पाळी आली की मोकळं सोडून द्यायचं. पाचव्या प्रश्नाला इथंही मीच सापडलो.

कृष्णाकाठच्या गावागावात हेच आहे. दारात वीस-पंचवीस लाखाची गाडी आणि खालच्या अंगाला पांढरं फटक रान. गाडीची सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला न चुकता करतो, मातीची तपासणी दहा वर्षांत एकदाही नाही. गाडीच्या काटा वर गेला की लगेच थांबतो. रानात काटा वर गेलाय तरी आपण चालवतोच आहे.

आता हिशोब. नवी गाडी सगळं धरून पंचवीस लाखाच्या आसपास. पाच लाख रोख भरायचे, वीस लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यानं सात वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण 32 हजार 700. म्हणजे वर्षाला चार लाखाला थोडे कमी. सात वर्षांत फक्त हप्त्यापोटी साडेसत्तावीस लाख. माझा ऊस साडेचार एकर, तीन एकरात साठचा उतारा आणि खालच्या दीड एकरात अठ्ठावीसचा, मिळून 222 टन. खतं, मशागत, पाणी, मजुरी वजा जाता टनामागं बाराशे उरले तर मी खूश असतो. म्हणजे वर्षाला अडीच-पावणेतीन लाख. हप्ता चार लाख. आणि ऊस वर्षातून एकदा जातो, हप्ता बारा वेळा येतो. दोन म्हशींच्या दुधावर हा फरक भरून निघत नाही.

हा कागद मी पोराच्या पुढं ठेवला. त्यानं नीट वाचला. हिशोब चुकीचा आहे असं तो म्हणाला नाही. थोड्या वेळानं खालमानेनं म्हणाला, "आण्णा, मी तिसावं गाठतोय. गेल्या दोन वर्षांत सात ठिकाणं झाली. शेती करतो म्हटल्यावर पुढं बोलणंच होत नाही. निदान दारात गाडी तरी बरी असावी."

मंडळी, ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणूनच मी त्याला लगेच नाही म्हटलं नव्हतं. त्याची आई चुलीपुढं बसून ऐकत होती, ती उठून आत गेली. आपल्या भागातल्या निम्म्या नव्या गाड्या शौकानं आलेल्या नाहीत, ह्याच दुखण्यानं आल्यात. पोराला नावं ठेवणं सोपं आहे. पण शेतात राबणाऱ्या पोराची किंमत आपणच कमी केली, आपल्या पोरी देताना आपणही नोकरीवालाच बघितला. मी सुद्धा. माझा जावई पुण्यात कंपनीत आहे. तेव्हा हा दोष मी दुसऱ्याच्या अंगावर ढकलू शकत नाही.

तरीपण माझं मत सांगतो. गाडी बघून होकार देणारं घर हप्ता थकल्यावर काय करंल? येणारी पोरगी कर्जाच्या घरात येणार. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. रान दुरुस्त केलं तर त्याची किंमत वाढते. मला वाटतं सोयरिकीला आलेल्या माणसाला गाडी दाखवण्यापेक्षा रान दाखवावं. दोन घरं उठून जातील, तिसरं बसंल. बसंलच असं छातीठोक सांगत नाही, पण बसलं तर ते टिकंल.

म्हणून आम्ही ठरवलंय ते असं. जुनी इनोव्हा पाच वर्षांसाठी परत पासिंग करायची. चासी चांगली आहे, इंजिनला आवाज नाही, टायमिंग बेल्ट वेळेवर बदललेला आहे. क्लच आणि पुढचे बुश ह्या वर्षी घालायचे. खालच्या दीड एकरात सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा. ठेकेदारानं एकरी लाखाच्या आसपास सांगितलंय. बुजवलेला चर उकरायला भाऊ तयार झालाय, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यावर ठिबक. सगळं मिळून अडीच लाखाच्या घरात जाईल, म्हणजे गाडीच्या आठ हप्त्यांएवढं. पूर्वीसारखा उतारा आला तर अठ्ठेचाळीस टन वाढतील. एका वर्षात नाही येणार, क्षार निघायला वेळ लागतो.

पोरगं पूर्ण खूश नाही. त्याची अट आहे, गाडीला चांगला रंग मारायचा आणि आतल्या सीटा नव्या करायच्या. मी मान्य केली. तेवढा त्याचा हक्क आहे.

जुनी गाडी सगळ्यांनीच ठेवावी असं माझं म्हणणं नाही. चासी गंजली असंल, ब्रेक धरत नसतील, धूर काढत असंल तर मोडीत घाला, माणसाच्या जिवाशी खेळ नको. ज्याचा गाडीवर धंदा आहे त्यानं नवी जरूर घ्यावी, त्याला ती मिळवून देते. पण आपल्याला महिन्यातून चार फेऱ्या असतील तर गाडी हे अवजार आहे. अवजाराला आपण विचारतो, काम देतं का? तेवढंच विचारावं.

ह्या अवजारानं काम दिलंय. 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी रस्त्यावर पाणी यायच्या आधी ह्याच गाडीनं आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं तीन फेऱ्यांत वर पलूसकडं नेली. मिरजेच्या दवाखान्यातून आबांना शेवटचं घरी आणलं तेही ह्याच गाडीतून, मागच्या सीटवर डोकं माझ्या मांडीवर घेऊन. म्हणून पोरानं डबडं म्हटलं तेव्हा जरा लागलं. पण ती भावना बाजूला ठेवूनच वरचा हिशोब केलाय.

तुमच्याकडं काय चाललंय ते लिहा. किती किलोमीटर झालेत, काय खर्च आला, आणि कोणी निचऱ्याचे पाइप टाकले असतील तर उताऱ्यात किती फरक पडला तेही सांगा. निचऱ्याचं काम सुरू झालं की फोटो टाकतो. पाचटाचं पुढच्या वेळी.