आधी तेलाचं बघा, मग लिफ्टर बदला



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. या बंद ऋतूत आपण जाळी दुरुस्त करतो, होडीची डागडुजी करतो. माझं म्हणणं एवढंच, की माल वाहणाऱ्या डिझेल गाडीचं कामही याच दिवसांत उरकून घ्या. आणि मिस्तरी म्हणाला, "टॅपेट वाजतंय, लिफ्टर बदलावे लागतील," तर पैसे काढायच्या आधी तेलाचा हिशेब मागा.

हे मी मुख्यतः जुनी स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा डिझेल वापरणाऱ्यांसाठी लिहितोय. या गाड्यांतलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. मारुतीनं ते २००७ साली स्विफ्टमध्ये आणलं, टाटाच्या गाड्यांतही ते आलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे आज आपल्या हातात असलेली प्रत्येक गाडी जुनीच.

होडीच्या किंवा शेतातल्या पंपाच्या इंजिनात टॅपेटचा गॅप आपण फिलर गेज घालून सेट करतो. या गाडीत सेट करायला काही नाहीच. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या रॉकरखाली एक छोटा लिफ्टर, असे सोळा. लिफ्टरच्या आत एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि बारीक गोळी. इंजिनचं तेल आत शिरतं, गोळी वाट बंद करते आणि कोंडलेल्या तेलाच्या जोरावर गॅप आपोआप भरून निघतो. तेल पोचलं नाही किंवा आत टिकलं नाही, की टकटक सुरू.

म्हणून लिफ्टर वाजला तर बहुतेक वेळा गुन्हा तेलाचा असतो. तेल कमी असेल, काळं पडून गाळ धरला असेल, फिल्टर चोंदला असेल. पंपाच्या इंजिनचं जाड तेल डब्यात उरलं म्हणून गाडीत ओतलं असेल. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तरी नुकसानच. तेलाला फेस येतो, लिफ्टरमध्ये हवा शिरते. अशा तेलावर नवा सेट टाकणं म्हणजे पैसे तापीत सोडणं.

पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-चार सेकंद टकटक झाली तर घाबरू नका, रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं. इंजिन तापल्यावरही आवाज राहिला तर क्रमानं बघा. सपाट जागेवर डिपस्टिक तपासा. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर टाका, थोडे दिवस चालवा. अडकलेला लिफ्टर कधी कधी एवढ्यानंच मोकळा होतो. नाही झाला तर गेज लावून ऑइल प्रेशर मोजायला सांगा. इंजेक्टर आणि टायमिंग चेनचा आवाजही असाच फसवा असतो, तोही वेगळा करून घ्या. तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र तिथल्या तिथं इंजिन बंद.

"चालतेय ना, वाजू दे," असं म्हणणारेही आहेत. ते मला पटत नाही. बसलेल्या लिफ्टरमुळे व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, रॉकर जागेवरून निसटू शकतो आणि मग कॅमही जातो. छोटं काम मोठं होतं.

बदलायचेच ठरले तर सोळाच्या सोळा बदला. खोलण्याची मजुरी एकासाठीही तीच आणि सगळ्यांसाठीही तीच. कॅम आणि रॉकरचे रोलर घासलेत का, ते स्वतः उभं राहून बघा. टायमिंग लॉक लावल्याशिवाय कॅम उतरवू देऊ नका. जुने रॉकर परत बसवायचे असतील तर ज्याचा त्याच्या जागीच. सीलंट बेतानं लावायचं, जास्तीचं आत जाऊन तेलाची वाट बुजवतं. नवे लिफ्टर स्वच्छ तेल लावून बसवले की लगेच सेल्फ मारायचा नाही. अर्धा तास थांबून क्रँक पान्यानं हळूच दोन फेरे फिरवायचा, कुठं अडत नाही ना ते बघायचं. जुने लिफ्टर मागून घ्या.

तीन-चार गाडीवाल्यांनी मिळून चांगलं तेल एकदम घेतलं तर परवडेल. तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आत चिकटवा.

१६ ऑगस्टपासून माल निघायला लागेल. रावेर-भुसावळच्या रस्त्यात गाडी बसली तर बर्फ कुणासाठी थांबत नाही, व्यापारीही नाही. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी खाली जरूर लिहावं.