खेळ आणि खबरदारी

करोनाच्या साथीत फुटबॉल खेळावा का? २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगचे सारे सामने गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर प्रेक्षकांविना झाले. खेळाडू महिनोन्महिने घरच्यांपासून दूर राहिले, वारंवार तपासण्या झाल्या. १३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीने चषक जिंकला.

पण जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत, महिलांच्या आशिया चषकात, अशीच तटबंदी असूनही विषाणू भारतीय संघात शिरला. चिनी तैपेईविरुद्ध उतरवायला आवश्यक त्या १३ खेळाडूही उरल्या नाहीत. यजमान मुलींना घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. खबरदारीने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणूनच साथीत खेळ सुरू करताना तो थांबवण्याचीही तयारी हवी.