वर पोचले, पण चढले नाही

कुठून भटकून आले की आजी विचारते, "वर काय होतं गं?" हरिश्चंद्रगडावरून आले तेव्हा सांगायला कोकणकडा होता, राजगडावरून आले तेव्हा बालेकिल्ला. जानेवारीत बदामीहून आले तेव्हा उत्तर होतं, "दोन बोल्ट आणि एक साखळी." आजीने माझ्याकडे असं काही बघितलं की इंजिनिअरिंगची फी वाया गेल्याची तिची खात्रीच झाली असावी!

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलेत, विचारांतल्या चुका माझ्याच.)

तर मित्रांनो, स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणजे ट्रेकिंग नाही आणि हिमालयातलं गिर्यारोहणही नाही. एका दोराच्या लांबीत संपणारा कडा. त्यात आधीच ड्रिलने भोकं पाडून बोल्ट बसवलेले असतात. चढता चढता बोल्टला क्विकड्रॉ लावायचा, त्यात दोर क्लिप करायचा, पुढे सरकायचं. खाली उभा असलेला बिलेयर दोर सोडत राहतो. बोल्टच्या एक मीटर वर असताना हात सुटला तर दोन मीटर खाली याल, शिवाय दोर ताणला जातो तेवढे आणि बिलेयरने ढील दिली असेल तेवढे. (दोर मुद्दामच ताणला जाईल असा बनवतात. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या तासाला जागे असणाऱ्यांना कारण माहीत असेल.) म्हणजे या खेळात पडायला पूर्ण परवानगी आहे. दोर आणि बोल्ट पडण्यासाठीच आहेत, चढण्यासाठी नाहीत. चढायचं ते फक्त हात, पाय आणि दगड यांच्या जोरावर.

ही कल्पना आली जर्मनीतून. १९७५ साली कुर्ट आल्बर्ट नावाचा तरुण फ्रँकेनयुरा भागात चढत होता. तेव्हा कड्यात ठोकलेल्या पिटॉनला धरून, त्यावर पाय देऊन वर जाण्याची सर्रास पद्धत होती. जो पिटॉन न धरता पुढे जाता येतं असं त्याला दिसायचं, त्यावर तो लाल फुली मारायचा. सगळा रूट एकाही पिटॉनच्या आधाराशिवाय चढून झाला की पायथ्याशी एक लाल ठिपका काढायचा. त्या ठिपक्यावरूनच 'रेडपॉइंट' हा शब्द आला. आजचा अर्थ असा: तळापासून वरपर्यंत, लीड करत, न पडता, दोरावर न विसावता, क्विकड्रॉला न धरता. आधी पन्नास वेळा पडला असाल तरी हरकत नाही. एकदा सलग जमलं पाहिजे.

आणि हे बघायला कोणी नसतं! २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. तिथे लीडला सहा मिनिटांची वेळ आणि वर पंच असतात. खऱ्या कड्यावर पंच नसतो. ३ सप्टेंबर २०१७ रोजी अॅडम ओंड्राने नॉर्वेतल्या फ्लाटांगरला ४५ मीटरचा 'सायलेन्स' चढला, जगातला पहिला ९सी. दोरावर लटकत, एकेक तुकडा घोटत त्याने आधी कितीतरी प्रयत्न केले होते. त्यातला एकही त्याने 'झालं' म्हणून सांगितला नाही.

आता माझं. बदामीचा लाल वालुकाश्म, साधारण वीस मीटर, आठ बोल्ट, ग्रेड ६सी. ओंड्राच्या पुढे हे म्हणजे बालवाडी, पण माझ्यासाठी आजवरचं सगळ्यात कठीण. पाचव्या आणि सहाव्या बोल्टमध्ये क्रक्स होता. डाव्या हाताला बोटांची पहिली पेरं मावतील एवढी कड, उजवा पाय जवळजवळ कमरेइतका वर, आणि तिथून उठून उजव्या हाताने वरची आडवी कपार पकडायची. दोन दिवसांत मी तिथे अकरा वेळा पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी, दगड गार असताना, ती कपार हातात आली! सहावा बोल्ट क्लिप झाला. सातव्यापाशी हात असे फुगले होते की मूठ नीट मिटेना. दोर वर ओढला, क्लिप होईना. आणि मी क्विकड्रॉ धरला. एक सेकंद, फार तर दोन. क्लिप केलं, सोडला, वर गेले.

खाली आल्यावर टाळ्या, फोटो, मिठ्या. बिलेयर मैत्रीण काहीच बोलली नाही. मी ग्रुपमधल्या दादाला हळूच सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, चालतंय. वर पोचलीस ना?" मीही मान डोलावली. ग्रुपच्या वहीत माझ्या नावापुढे रेडपॉइंट लिहिलं गेलं, आणि आता याच अंकाच्या 'आमचे मानकरी' पानासाठी माझा फोटो मागितलाय.

दादा चुकीचं बोलला असं नाही. मजा करायला गेलो होतो. दोरावर बसून विश्रांती घ्या, टॉप रोपवर चढा, क्विकड्रॉ धरा, सगळं खुशाल करा. शिकायचा तोच मार्ग आहे. माझं भांडण धरण्याशी नाही, त्याला काय नाव देतो त्याच्याशी आहे. वर काहीच नसतं, आजी बरोबर आहे. गडावर निदान गड तरी असतो, तुम्ही कसेही पोचा. इथे साखळीपाशी पायवाटेने जाऊन वरून दोर टाकूनही पोचता येतं. मग 'कसं चढलो' हे काढून घेतलं तर या खेळात उरतं काय? दोन बोल्ट आणि एक साखळी.

हे मला एवढं का लागलं, त्याचं कारण बदामीत नाही, होस्टेलवर आहे. मागच्या सेमिस्टरला मी तीन जर्नल्स जशीच्या तशी उतरवून काढली. रीडिंगसकट! न केलेल्या प्रयोगाचा ग्राफसुद्धा सरळ आला. सह्या मिळाल्या, टर्मवर्कला चांगले मार्क मिळाले, आणि मला रात्री छान झोप लागली. आपण सगळेच करतो, म्हणून तिथे काही वाटलं नाही. क्विकड्रॉ धरल्यावर मात्र ट्रेनमध्ये सोलापूर येईपर्यंत डोळा लागला नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित जर्नल मला हवंच नव्हतं, फक्त सही हवी होती. तो रूट मला हवा होता.

फोटो मी दिलेला नाही. संपादकांना म्हटलं, त्याऐवजी हा लेख घ्या. वहीतलंही खोडलं. दादा थोडा नाराज आहे, कारण आता बाकीच्यांच्याही नोंदींवर लोक चेष्टेने प्रश्न विचारतात. बिलेयर मैत्रिणीला मात्र विचारलं, तू तेव्हा गप्प का बसलीस? ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून."

पुढच्या जानेवारीत परत जायचंय. सातव्या बोल्टला या वेळी लांब स्लिंगचा क्विकड्रॉ लावणार, म्हणजे खालच्या चांगल्या पकडीवरूनच क्लिप करता येईल. ही युक्तीही तिचीच. आणि हे नियमात बसतं, मी विचारून घेतलंय.