यलो अलर्ट आला म्हणजे नेमकं काय समजायचं?

मे महिना लागला की व्हॉट्सॲपवर नकाशे फिरायला लागतात. अमुक जिल्ह्याला यलो, तमुकला ऑरेंज. बहुतेक जण फक्त रंग बघतात : रेड असेल तर घाबरायचं, यलो असेल तर सोडून द्यायचं. मान्सूनपूर्व वादळांच्या दिवसांत ही सवय महागात पडू शकते.

आधी रंगांचा अर्थ बघू. हवामान खात्याचे चार रंग आहेत. ग्रीन म्हणजे इशारा नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा, अपडेट बघत राहा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम किती मोठा, हे दोन्ही बघितलं जातं.

जिल्ह्यांच्या नकाशावरचा रंग मात्र पूर्ण जिल्ह्याचा आणि पूर्ण दिवसाचा असतो. लोणावळा आणि इंदापूर दोन्ही पुणे जिल्ह्यातच येतात! वादळी ढग असतो काही किलोमीटरचा, आणि तासाभरात बरसून मोकळा होतो. तो तुमच्या डोक्यावर कधी येणार हे रंग सांगूच शकत नाही. त्यात 'विजांच्या कडकडाटासह पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किमी' असा इशारा बऱ्याचदा यलोमध्येच असतो. वाऱ्याने पत्रे उडणार नाहीत कदाचित, पण शेतात किंवा टेकडीवर उभ्या माणसासाठी वीज एकच पुरते. अमेरिकेतही तेच आहे. तिथे 'सिव्हिअर थंडरस्टॉर्म' ठरतं ते वाऱ्याच्या वेगावर आणि गारांच्या आकारावर. विजा कितीही पडल्या तरी त्या निकषात धरत नाहीत.

आमच्याकडे सर्व्हरचा यलो अलर्ट आला की आधी चहा संपतो, मग कोणीतरी बघतं. विजेला तो हिशोब लागू नाही.

म्हणून सकाळी रंग बघा, पण बाहेर पडताना नाऊकास्ट बघा. हा पुढच्या तीन तासांपर्यंतचा अंदाज असतो आणि हवामान खात्याच्या वेबसाइटवर मिळतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो दुपारनंतर आलेल्या अशाच वादळी वाऱ्यात.

दुसरं ॲप 'दामिनी', पुण्याच्या आयआयटीएमचं. तुमच्या आसपास २० आणि ४० किमीच्या परिघात वीज पडतेय का, ते हे दाखवतं. लोकेशनची परवानगी दिली नाही तर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

नेट नसेल तर? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. आकडा ३० च्या आत आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद कारमध्ये जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. झाडाखाली अजिबात नको.

आणि हो, मोबाइल वीज ओढून घेतो हे खरं नाही. घरात बसून बिनधास्त वापरा, फक्त तेवढा वेळ चार्जरला लावून नको.